आमच्या हद्दीत ऑर्डर आलेली नाही

ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या देवीचा मंडप आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. शिवसेनेच्या आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेला हा उत्सव, त्यामुळे नवरात्रात आमच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. २०२२ साली करोनानंतर पहिल्यांदाच तो मोकळेपणाने होत होता. माणसं दोन वर्षांची कसर भरून काढत होती. माझी धाकटी बहीण मात्र नऊ दिवसांत एकदाही खाली उतरली नाही. खिडकी लावून आत बसायची. “ताई, एवढ्या गर्दीत तो कुठेही असेल गं,” एवढंच म्हणायची. ‘तो’ म्हणजे तिचा नवरा. त्याने तिच्या जवळ येऊ नये असा कोर्टाचा आदेश तेव्हा तिच्या पर्समध्ये होता.

ती जूनमध्ये, पहिल्या पावसात माझ्याकडे आली होती. डोंबिवलीहून, एका पिशवीनिशी, सुजलेलं मनगट ओढणीत गुंडाळून. सिव्हिलमध्ये प्लास्टर घालून आणलं, तेव्हा रिक्षात ती म्हणाली, “मला त्याला आत टाकायचं नाही. तो माझ्या वाटेत यायला नको, बस्स.” मी तिच्यावर चिडले होते. आज वाटतं, तिला काय हवंय ते तिला माझ्यापेक्षा नीट कळत होतं. १९८३ साली ४९८-अ आलं, तेव्हापासून नवऱ्यावर गुन्हा दाखल करायची सोय होती. पण गुन्हा नको, फक्त मारणं थांबव, दारात येऊ नकोस, असं कोर्टाकडून सांगवून घ्यायची धड वाट नव्हती. ती वाट २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिली. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे.

या कायद्यात एक फार माणुसकीची गोष्ट आहे. बाई तात्पुरती जिथे आसऱ्याला आली असेल, तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो. म्हणून ठाण्यात अर्ज केला. संरक्षण अधिकारी मॅडमनी घटना अहवाल भरून घेतला. बहीण एकेक आठवून सांगत होती. फोडलेला मोबाइल, काढून घेतलेलं एटीएम कार्ड, आईला फोन केला म्हणून रात्रभर बाहेर काढलेलं. मी शेजारी बसून बहुतेक गोष्टी पहिल्यांदाच ऐकत होते. सख्खी बहीण असून. मॅडम मध्येच पेन थांबवायच्या, पाणी पुढे करायच्या, आणि पुन्हा लिहायला लागायच्या.

प्रतिज्ञापत्रावर अंतरिम आदेश मिळाला. चार पानांचा. त्याने मारहाण, शिवीगाळ करायची नाही, तिच्या कामाच्या ठिकाणी जायचं नाही, फोन, मेसेज किंवा दुसऱ्या कुणामार्फत संपर्क करायचा नाही. येताना मी जांभळी नाक्यावरून पेढे घेतले. मला वाटलं, सुटलो.

बहीण डोंबिवलीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. ती नोकरी सोडायची नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी ती दवाखान्याचं शटर ओढून वळली, तर तो समोर उभा. पर्सचा पट्टा धरून त्याने तिला जिन्याखाली ओढलं. तिने आदेशाची झेरॉक्स काढून दाखवली. तो म्हणाला, “ठाण्याचा कागद ठाण्यात दाखव.” शेजारचा औषधवाला धावून आला म्हणून ती सुटली.

मी लोकलने पोहोचेपर्यंत ती पोलीस ठाण्याच्या बाकावर बसली होती. ठाणे अंमलदार वयस्क होते, अपमान करणारे मुळीच नव्हते. त्यांनी चारही पानं उलटून पाहिली, रजिस्टर काढलं, संगणकावर शोधलं. मग म्हणाले, “ताई, आमच्या हद्दीत ही ऑर्डर आलेलीच नाही. आम्ही कशाच्या आधारावर कारवाई करायची?” आणि त्यांनी एन.सी. लिहून घेतली. अदखलपात्र.

या कायद्याचं ३१ वं कलम म्हणतं की संरक्षण आदेश मोडणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ३२ वं कलम म्हणतं की तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि एकट्या बाईच्या साक्षीवरही कोर्टाला तो सिद्ध मानता येतो. इतकं ठाम लिहिलेलं असताना त्या रात्री आमच्या हातात एन.सी.ची चिठ्ठी होती.

आपली कॉपी त्या ठाण्यात का नव्हती, हे शोधायला मी कायदा घेऊन बसले. मी वकील नाही, शाळेत मराठी शिकवायचे. पण वाक्य कसं वाचायचं ते मला येतं. २४ व्या कलमात लिहिलंय की आदेशाची विनामूल्य प्रत दोन्ही पक्षांना द्यावी, आणि ज्या ठाण्याच्या हद्दीतल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला, त्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही द्यावी. मी ते वाक्य तीनदा वाचलं. म्हणजे प्रत जाणार कोर्टाच्या हद्दीतल्या ठाण्यात. बाई काम करते तिथल्या ठाण्याचं नाव त्यात कुठेच नाही. २७ वं कलम सांगतं की आदेश भारतभर अमलात आणता येईल, १८ वं कलम तिच्या कामाची जागा सुरक्षित करतं, आणि त्या जागेच्या पोलिसांना कळवायची जबाबदारी मात्र कायद्याने कुणावरच टाकलेली नाही. सगळा आदेश त्या बाईने पर्समध्ये घालून वाहायचा.

या कायद्यात सुधारणा व्हायला हवी असं म्हणणाऱ्यांचे मुद्दे बरेच आहेत. पोटगीचा हप्ता चुकवला तर ३१ वं कलम लागतं की नाही, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. संरक्षण अधिकारी पुरेसे नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर अधिकारी नेमा. हे सगळं व्हावं. पण मला कुणी एकच दुरुस्ती मागायला सांगितली, तर मी २४ व्या कलमात एक ओळ मागेन : प्रत बाईच्या राहत्या आणि कामाच्या जागेच्या ठाण्यातही, त्याच दिवशी, कोर्टानेच पाठवावी. यात अवघड काही नाही. इंग्लंडमध्ये अशा आदेशाची प्रत अर्जदार बाईच्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यात पोहोचवण्याचा नियम आहे. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लिहून आलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी खबर घ्यायलाच हवी. पण खबर घेणाऱ्याच्या समोर आदेश नसेल, तर तो खरा की खोटा, अजून चालू की रद्द झालेला, हे त्याने त्या रात्री ठरवायचं कसं? अंमलदारांच्या प्रश्नात तथ्य होतं, म्हणून तर मला तो इतका लागला.

आम्ही पुन्हा कोर्टात अर्ज केला. पोलिसांना अंमलबजावणीत मदत करायचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात, तो मागितला आणि मिळाला. मग साक्षांकित नकला काढल्या. मी स्वतः एकेका ठाण्यात गेले, आवक-जावकच्या टेबलापाशी उभी राहिले आणि माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय हलले नाही. डोंबिवलीत तेच अंमलदार होते. त्यांनी रजिस्टरमध्ये ओळ लिहिली, त्यावर पट्टी ठेवून खाली रेघ मारली, आणि नंबर बहिणीच्या प्रतीवर लाल पेनाने टाकला. “फोन करताना हा नंबर आधी सांगायचा,” म्हणाले.

जानेवारीत तो पुन्हा दवाखान्याबाहेर आला. तिने फोनवर आधी नंबर सांगितला. बीट मार्शल दहा-बारा मिनिटांत आले. त्या रात्री ३१ व्या कलमाखाली गुन्हा नोंदला गेला. खटला चालू आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची भाची आली होती. तिलाही आदेश मिळालाय. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून काढून तिने तो मला दाखवला, चेहऱ्यावर तोच सुटल्याचा आनंद. मी तिला विचारलं, “राहतेस कुठे? कामाला कुठे? मुलीची शाळा कुठे?” तिने सांगितलं. कळवा, मुलुंड, ऐरोली. वाणसामानाच्या बिलामागे मी तीन ठाण्यांची नावं लिहून दिली आणि तिच्यासोबत झेरॉक्सच्या दुकानात गेले.