मुळशीच्या पाण्याकाठी फुलांचे लग्न

आमच्या पुतणीचे लग्न ठरले आणि तिने हट्ट धरला, "काका, मला मुळशीला होतात तसले लग्न पाहिजे." तसले म्हणजे कसले, हे आम्हांस ठाऊक नव्हते. योगायोगाने गेल्या फेब्रुवारीत कचेरीतील साहेबांच्या मुलीचे लग्न मुळशी तलावाकाठच्या एका रिसॉर्टवर निघाले. कारकुनांनाही पत्रिका होती. आम्ही उभयता आणि पुतणी असे तिघे हळदीच्या सकाळीच निघालो.

चांदणी चौक सुटला की भूगाव, पिरंगुट आणि मग तालुक्याचे ठाणे पौड. तोवर कारखाने, गोदामे आणि प्लॉट विक्रीच्या पाट्या. पौडनंतर डोंगर जवळ येतात आणि अचानक पाणी दिसते. हाच रस्ता पुढे ताम्हिणी घाट उतरून माणगावला लागतो, तेथून आपले महाड. महाडला जाताना हे पाणी अनेकदा पाहिले, पण उतरून कधी थांबलो नव्हतो.

हे पाणी तसे साधे नाही. १९२१ साली येथे सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. टाटा कंपनीला वीज करायची होती. जमीन कसणारे मावळे, पण कागदावरचे मालक आणि सावकार बरेचसे पुण्यातले. मोबदला घ्यायचा की लढायचे, यावरून फाटाफूट झाली. सत्याग्रह फसला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. तलावाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडतात व तेथे १९२७ पासून वीज तयार होते. नवरानवरी ज्या निळ्या पाण्यासमोर फोटो काढतात, त्याच्या तळाशी कोणाची तरी भातखाचरे आहेत.

आता लग्नाचे सांगतो. एकाच लग्नाला चार जागा आणि चार रंग! सकाळी हिरवळीवर हळद. झेंडूच्या माळांचा पिवळा-केशरी पडदा, पितळी घंगाळात तरंगणाऱ्या पाकळ्या, झाडाला टांगलेला फुलांचा झोपाळा. दुपारी मेंदीला गुलाबी रंग. रंगीत छत्र्या उलट्या टांगलेल्या, बाजांवर लोड-तक्ते. रात्री संगीताला जांभळी ऑर्किड व दिवे. दुसऱ्या दिवशी लग्न अगदी पाण्याकाठी, सारे पांढरे: निशिगंध, शेवंती, गुलाब, जरबेरा. दिसायला सुंदरच होते, खोटे कशाला बोलावे? आमच्या सौभाग्यवतींनी तर निशिगंधाचा वास घेण्यासाठी तीन फेऱ्या मारल्या.

मेंदीच्या मांडवामागे फुले ओवणारा एक तरुण आमच्या कोटावरचा बिल्ला पाहून उठला. "जयभीम काका." शेजारच्याच वस्तीतला निघाला. रात्री गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल भरायचा, टेंपोत बसूनच माळा ओवायच्या, उजाडायच्या आत बांधायच्या. एक कार्यक्रम संपला की तासाभरात सगळे ओरबाडून पुढच्या रंगाची तयारी. ती फुले कुठे जातात, असे विचारले. त्याने मागे बोट दाखवले. सकाळचा ताजा झेंडू ढिगाने पडला होता, आणि त्यात हिरव्या स्पंजाचे ठोकळे. फुले कुजून माती होतील, पण स्पंज मातीत मिसळत नाही, त्याचा नुसता चुरा होतो.

"तुझ्या बहिणीच्या लग्नाला सजावट तूच केली असशील?" पुतणीने विचारले.

"केली ना ताई. प्लास्टिकची फुले भाड्याने आणली."

परतताना पुतणी गप्प होती. आम्ही वहीत हिशेब मांडला. बी.कॉम. झाल्याचा तेवढाच उपयोग. केवळ फुलांचा खर्च आमच्या वर्षाच्या पगारापुढे गेला. आम्ही साधेपणावर बोलू लागलो तेव्हा ती उसळली. "दर वेळी साधे, साधे! आपल्या वाट्याला रंग नाहीतच का?"

उत्तर लगेच सुचले नाही. तिचे चुकले असेही म्हणवेना. जोतिरावांच्या घराण्याला फुले हे नाव फुलांच्या धंद्यावरूनच पडले आणि त्यांच्याच सत्यशोधक समाजाने १८७३ साली भटजीवाचून, अल्प खर्चात लग्न लावून दाखवले. त्यांचे वैर फुलांशी नव्हते, लग्नापायी होणाऱ्या कर्जाशी होते. हे तिला सांगितले. मग दोघांनी मिळून वही पुन्हा उघडली.

आपल्याला मुहूर्त लागत नाही, ही केवढी सोय! मुहूर्ताच्या तारखांना आणि दसरा-दिवाळीला फुले व हॉल दोन्ही महागतात. आम्ही मुहूर्त नसलेला बुधवार धरला. घरच्या दाराला झेंडू. (हळद आपल्या विधीत नाही, पण घरोघरी लागतेच, त्याविषयी पुन्हा केव्हातरी.) विहारात तथागत व बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे पांढरी शेवंती आणि निशिगंध. त्रिशरण-पंचशील व वधूवरांच्या प्रतिज्ञा झाल्या की मंगल गाथांच्या वेळी अक्षतांऐवजी पाकळ्या. त्या मात्र तिला गुलाबी, पिवळ्या, लाल अशा मिसळूनच हव्यात. स्पंज नाही, प्लास्टिक नाही. उरलेली फुले शेजारच्या आयाबायांना. माळा तोच मुलगा करणार आहे, ठरलेली मजुरी घेऊन. फुकट करतो म्हणत होता, आम्ही ऐकले नाही.

जावईबापूंनाही हे पसंत पडले. पुतणीने एक अट मात्र घातली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सर्वांनी डबे घेऊन मुळशीला जायचे. ताम्हिणीमार्गे जाणाऱ्या एस.टी.ची चौकशी आम्ही आजच करून आलो.