बाबेलला गेलेलं पत्र

कोल्हापूर, सोमवार

चि. बेबी,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. फोनवर तू "बरं आहे आत्या" एवढ्यावर भागवतेस आणि पत्रात पाठपोट चार पानं भरतेस, तेव्हा यापुढे पत्रच लिहीत जा.

तू लिहिलंस की जावईबापू गेल्यापासून शास्त्र उघडलं तरी एक अक्षर आत जात नाही. शाहूपुरीतल्या घराला कुलूप घालून लेकाकडे नागपूरला गेलीस. तिथं सगळे जीव लावतात, सूनही गुणाची आहे, पण हळदीचा डबा कुठं आहे हेसुद्धा विचारावं लागतं. आणि मंडळीतल्या बायका रोज सकाळी फोनवर वचन धाडतात, त्यातही यिर्मया एकोणतीसमधलं अकरावं सगळ्यात जास्त, मागे सूर्योदय. देवानं तुझं भलंच योजलंय असं वाचलं की तुझा तिळपापड होतो, आणि तो झाला म्हणून मग रडू येतं.

त्या बायकांवर रागावू नकोस. काय बोलावं हे सुचत नाही, म्हणून त्या सूर्योदय पाठवतात. पण ते वचन ज्या कागदातून कापून घेतलंय तो सगळा कागद कुणी पाठवत नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. नबुखद्नेस्सरानं ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये यरुशलेमचा राजा, राजमाता, सरदार, कारागीर, लोहार असे सगळे उचलून बाबेलला नेले. मागे राहिलेल्या यिर्मयानं त्यांना हे पत्र लिहिलं आणि राजाचे वकील बाबेलला निघाले होते त्यांच्या हाती दिलं. इकडे यरुशलेमात दुसऱ्या एकानं लोकांना सांगितलं होतं की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. त्याचं नाव हनन्या. यिर्मया गळ्यात लाकडी जू घालून फिरत होता, ते हनन्यानं सगळ्यांदेखत मोडून टाकलं. यिर्मया त्याला पहिल्यांदा काय म्हणाला माहीत आहे? आमेन, तसंच होवो. त्याला स्वतःलाही तेच हवं होतं. पण पत्रात त्यानं लिहिलं ते निराळं. घरं बांधा, राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेऊन टाकलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मग सत्तर वर्षांचा आकडा येतो. सत्तर वर्षं म्हणजे पत्र ऐकायला बसलेल्या मोठ्या माणसांपैकी जवळजवळ कुणीच परत जाणार नव्हतं. हे सगळं दहाव्या वचनापर्यंत, आणि त्याच्या पाठोपाठ तुझं ते अकरावं. कार्डावर दहावं छापत नाहीत.

आता सगळं वाच आणि मग सांग, राग येतो का. मला तर त्यात बरं वाटतं ते याचंच, की त्यानं खोटी मुदत दिली नाही. तुला भेटायला आलेल्यांपैकी कितीजणांनी सांगितलं, "सहा महिने जाऊ दे, मग बरं वाटेल"? ती सगळी हनन्याची भावंडं. मनानं चांगली, पण हनन्याचीच.

पण बागा लावायला सांगणारं पत्र तुला आज पचायचं नाही, हेही मला कळतं. म्हणून आत्ता यिर्मया बाजूला ठेव आणि रूथ वाच. चारच अध्याय आहेत. आपल्याकडे रूथ फक्त लग्नात वाचतात, तिनं घेतलेली ती शपथ. ती तिनं नवऱ्यापुढे घेतलेली नाही, सासूपुढे घेतली, हे मांडवात कुणाच्या ध्यानात नसतं. मला मात्र त्या पुस्तकात नामीचंच जास्त वाटतं. दुष्काळ पडला म्हणून नवरा आणि दोन मुलगे घेऊन ती मवाबात गेली, आणि तिथं तिघंही गेले. परत निघाली तेव्हा सून मागे लागली, तुला सोडणार नाही म्हणून. एवढी मोठी शपथ ऐकून नामी काय म्हणाली? काही नाही. सून ऐकत नाही हे पाहून ती गप्प बसली, एवढंच लिहिलंय. आणि बेथलेहेमच्या बायका जमल्या तेव्हा त्यांना म्हणाली, मला जुन्या नावानं हाक मारू नका, देवानं माझं सगळं कडू केलं, भरल्या घरानं गेले होते, रिकामी परत आले. रिकामी! आणि हे ती बोलत होती तेव्हा रूथ तिच्या शेजारीच उभी असणार, तिच्यासाठी माहेर सोडून आलेली.

तू सुनेविषयी लिहून मग अपराध्यासारखं जे लिहिलंस, त्याचं उत्तर मला इथं दिसतं. सून चांगली असली तरी रिकामं वाटू शकतं. त्यात सुनेचा अपमान नाही, तुझाही कृतघ्नपणा नाही. रूथ काही बोलली नाही. बेथलेहेमच्या बायकाही नामीला रागावल्या नाहीत, वचन सांगायला बसल्या नाहीत. पुढं काय झालं, तर जवाचा हंगाम सुरू झाला आणि रूथ कुणाच्या तरी शेतात सरवा वेचायला गेली. संध्याकाळी धान्य घेऊन आली, स्वतः जेवून उरलेलं पदरात बांधून आणलेलं सासूला दिलं. माझ्या मते त्या पुस्तकातला दिलासा तिथं सुरू होतो, शेवटी मांडीवर दिलेल्या नातवापाशी नाही.

एलीयाचंही असंच. तो रानात झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला उठवून भाकरी आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला. दूतानं पुन्हा उठवलं आणि पुन्हा खायलाच दिलं. उपदेश नाही. डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि देवाशी बोलणं हे सगळं पुढं. तू नीट जेवत नाहीस असं तुझ्या लेकानं मला कळवलंय, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता शास्त्र वाचवत नाही त्याविषयी. तू तेविसावं स्तोत्र लावून धरलंयस, कारण अंत्यविधीला तेच वाचलं होतं. त्याला थोडी विश्रांती दे. अठ्ठ्याऐंशीवं काढ. दुःखाची बाकी बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळतात, पण तरी देवाची स्तुती करीन म्हणतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं. कुणीतरी हे स्तोत्र गाळलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, पण शतकानुशतकं ते गाळलं गेलं नाही, देवळात गायच्या गाण्यांतच राहिलं. मला या गोष्टीचा आधार मोठा वाटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा त्रेचाळीस फुटांची धोक्याची खूण ओलांडून कितीतरी वर चढली, हायवे शिरोलीपाशी बंद झाला, तेव्हा तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर धान्याचे डबे घेऊन बसला होता ते आठवतंय ना? जावईबापूंनी बॅटरीच्या उजेडात एकोणसत्तरावं स्तोत्र काढलं होतं, गळ्याशी आलेल्या पाण्याचं, आणि म्हणाले होते, "याला कोल्हापूर ठाऊक होतं वाटतं." तू तेव्हा त्यांच्यावर चिडली होतीस. विनोद करायची वेळ आहे का म्हणून. तेव्हा शास्त्रात शिरायला तुला काही कष्ट पडले नाहीत, कारण जिथं होतीस तिथूनच शिरलीस.

ज्या बायांनी हे सगळं मोठ्या प्रमाणावर भोगलं त्यांचं अलीकडे मी पुन्हा वाचतेय. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळाच्या वणवणीत गेले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीनं गेला. तेवीस वर्षांचं वय आणि कडेवर लेक मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि आपण समजतो की तिथं सगळं निवळलं. त्या स्वतः तसं म्हणत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांनी लिहिलं की धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, तो नंतर सापडला. म्हणजे रमाबाईंसारख्या बाईलाही आठ वर्षं लागली. तुला अजून वर्षही झालेलं नाही. पुढं केडगावात त्यांनी मूळ इब्री आणि ग्रीकवरून सबंध शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं काम अंगावर घेतलं. मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये गेली. एकुलती एक लेक आणि केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनाची सगळी भिस्त तिच्यावर. रमाबाई भाषांतराचं काम पुरं करत राहिल्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. ग्रंथ छापून बाहेर आला १९२४ साली. त्या शेवटच्या महिन्यांत यिर्मया, ईयोब, विलापगीत यांच्यावरून हात फिरवताना त्यांच्या मनात काय येत असेल, याचा विचार करत मी परवा बराच वेळ बसले होते.

लक्ष्मीबाई टिळकांचं उलटं झालं. तू आता नागपूरला आहेस म्हणून सांगते. १८९३ साली त्यांचे यजमान ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं जात होते, तेव्हा डब्यातल्या एका युरोपियन गृहस्थानं त्यांना नवा करार दिला. ते डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि त्यातून सुटले नाहीत. १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा. पण त्याच पुस्तकानं लक्ष्मीबाईंचं घर मोडलं. पोटचं पोर घेऊन नातेवाइकांकडे काही वर्षं काढली. त्या दिवसांत त्यांना कुणी वचन पाठवलं असतं तर त्यांनी ते चुलीत घातलं असतं. 'स्मृतिचित्रे' तुझ्याकडे आहे, मीच दिलं होतं, लग्नात. पुन्हा काढून वाच, विशेषतः नगरला आल्यानंतरचा भाग. कसलाही साक्षात्काराचा गाजावाजा नाही. सोवळं कसं सुटत गेलं, कुणाच्या हातचं पाणी प्यायला आपण कधी लागलो, हे त्या हसत हसत सांगतात. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट होतं. ज्या बाईनं एकेकाळी या सगळ्याचा धसका घेतला होता, तिनंच पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. नवऱ्याच्या मागे नवऱ्याचं काम हातात घेणं हा काही सगळ्यांचा मार्ग नाही, आणि जावईबापूंच्या मागे त्यांचे हिशोबाचे कागद तू पुरे करावेस असं मी म्हणत नाही. (ते तुझ्या लेकाला करू दे.)

आणखी एक बाई, आपल्याच गावची म्हणायला हरकत नाही. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं आपलं देवालय. त्यांची पत्नी एलायझाही इथंच राबली, मुलंही इथं वाढली. मग सगळं कुटुंब अमेरिकेला परत गेलं. १८८७ साली वायल्डर न्यूयॉर्कला वारले. आता म्हातारपणी आपल्या देशात, आपल्या माणसांत राहायचं, असं कुणीही केलं असतं. पण ही बाई मुलगी ग्रेसला घेऊन परत इकडे आली. तिचं बाबेल कुठलं आणि यरुशलेम कुठलं, मला ठरवता येत नाही. तुझंही ठरवायची घाई नको. शाहूपुरीचं घर विकू नकोस म्हणणारे आणि विकून टाक म्हणणारे दोघंही तुला फोन करतील. दोघांनाही "बघू" म्हण.

पत्रं लिहिणाऱ्यांत पौल मला फार आवडतो, म्हणून त्याचं सांगून थांबते. तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढ, चौथा अध्याय. माणूस तुरुंगात आहे, शेवट जवळ आलेला त्याला दिसतोय, शर्यत धावून झाल्याचं लिहितो, आणि लगेच पुढं लिहितो की त्रोवसला कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो येताना आण, पुस्तकंही आण, आणि हिवाळ्याआधी ये. सगळं त्याच पानात. करिंथकरांनाही त्यानं दुसऱ्या पत्रात लिहिलंय की देवानं आमचं सांत्वन केलं, आणि कसं केलं तर तीताला पाठवून. म्हणजे माणूस येऊन भेटला.

तर मी येतेय. पाऊस ओसरला की महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढते. गाडीला एक दिवस आणि रात्र लागते, पण बदलायची भानगड नाही. कांदा-लसूण मसाला दोन किलो आणते, तिकडच्या सावजी मसाल्यावर तुझं भागणार नाही. तुझ्या शाहूपुरीच्या कपाटातून काय हवं ते लिही. जावईबापूंचं जुनं शास्त्र हवं असेल तर तेही आणीन, नको असेल तर राहू दे तिथंच.

यिर्मयाचं पत्र बाबेलात पोचलं तेव्हा तिकडच्या शमाया नावाच्या गृहस्थानं यरुशलेमच्या याजकाला उलट पत्र लिहून तक्रार केली, की हा वेडा इसम आम्हाला अजून खूप वर्षं लागतील, घरं बांधा म्हणून सांगतो, त्याला तुम्ही आवरत का नाही? याजकानं ते पत्र यिर्मयालाच वाचून दाखवलं. शमायाचं पुढं काही बरं झालं नाही, पण ते खोटं भविष्य सांगितल्यामुळं. तक्रारीचं पत्र मात्र शास्त्रात जसंच्या तसं आहे. माझ्या या पत्रातलंही जे पटणार नाही ते मला लिही. भांडून लिहिलंस तरी चालेल.

तुझी आत्या

ता. क. सिटी सर्व्हेत वारस म्हणून नाव लावायला मृत्यूचा दाखला लागतो. त्याच्या तीन-चार प्रती काढून ठेव, प्रत्येक टेबलावर एक ठेवून घेतात. घराची पाणीपट्टी मी भरलीय, पावती माझ्याकडे आहे.