छापील गोष्ट आणि हलते चित्र

मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी 1853 साली धावली आणि पुढल्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. या गावांना वाचनाची गोडीही लवकरच लागली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे. मुंबईत हलती चित्रे प्रथम दिसली ती 1896 मध्ये. म्हणजे सिनेमा येण्यापूर्वीच येथे वाचकवर्ग तयार होत होता.

हा वाचक कोणत्या गोष्टी वाचत असे? हरी नारायण आपटे यांनी 1890 मध्ये 'करमणूक' सुरू केले. 1895 मध्ये का. र. मित्र यांचे 'मनोरंजन' निघाले. कादंबरी क्रमशः येई आणि पुढील अंकाची वाट पाहावी लागे. एकाच अंकात संपणाऱ्या कथेला 'संपूर्ण गोष्ट' असे नाव पडले. वि. सी. गुर्जर यांच्या अशा गोष्टी 'मनोरंजन'च्या वाचकांना फार प्रिय होत्या. त्यांत देव नव्हते, राजे नव्हते. साधीसुधी माणसे होती. कीर्तनात हरिश्चंद्राचे आख्यान ऐकणाऱ्यास त्याचा शेवट आधीच ठाऊक असतो, आणि तरीही त्याचे डोळे भरून येतात. मासिकाच्या वाचकास शेवट मुळीच ठाऊक नसे. अनोळखी माणसाच्या सुखदुःखात शिरण्याची सवय त्याला या पानांनी लावली.

दादासाहेब फाळके यांनी आपल्या पहिल्या चित्रपटासाठी आख्यानच निवडले, यात त्यांचे मोठे शहाणपण होते. 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. चित्र मुके होते. मधून मधून अक्षरांच्या पाट्या येत. पण पाटी वाचता न आली तरी प्रेक्षकाचे काही अडत नसे. राज्य दान करून निघालेला राजा त्याने लहानपणापासून ऐकलेला होता. चित्राने केवळ हलायचे होते!

परंतु नाव कधी ऐकले नाही अशा शेतकऱ्याची कथा मुक्या चित्राने कशी सांगावी? हे धाडस कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी केले. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून त्यांनी 1925 साली 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी शेत सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी शहरात येऊन गिरणीमजूर होतो, एवढीच कथा. त्या तरुण शेतकऱ्याचे काम शांताराम वणकुद्रे, म्हणजेच पुढे विख्यात झालेले व्ही. शांताराम, यांनी केले. त्यातील काळोखी झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे ज्यांनी पाहिले, त्यांना ते दृश्य कित्येक वर्षे विसरता आले नाही. मुक्या चित्रातले ते विव्हळणे कानांनी ऐकू येणारे नव्हतेच. जाणकारांनी चित्रपट वाखाणला. पण गर्दी लोटली ती पौराणिक चित्रांनाच. मासिक वाचणारे मूठभर होते आणि चित्रगृहात येणारे पुष्कळ, हेही याचे एक कारण असावे.

पुढे चित्र बोलू लागले. 1932 सालच्या 'अयोध्येचा राजा' या मराठी बोलपटाची कथा कोणाची होती? पुन्हा हरिश्चंद्राचीच! नवे यंत्र हाती आले की ओळखीच्या कथेचा हात धरावासा वाटतो. त्याचे दिग्दर्शक होते शांताराम. मात्र पाचच वर्षांनी, 1937 मध्ये, त्यांनी 'प्रभात'साठी नारायण हरी आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी घेतली आणि 'कुंकू' निर्माण केला. फसवून वृद्धाशी लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मान्य करण्याचे साफ नाकारते. शांता आपटे यांची ती करारी नीरा लोकांनी उचलून धरली. तिची कथा कोणत्याही पुराणात नव्हती. पुढे काय होणार, हे चित्रगृहातील अनेकांना ठाऊक नव्हते. तरी ते शेवटपर्यंत बसून राहिले.

दरम्यान 1936 मध्ये पेंटरांनी 'सावकारी पाश' पुन्हा बोलपटाच्या रूपात काढला होता. पहिला मूकपट आज पाहावयास मिळत नाही. त्या काळच्या चित्रफिती चटकन पेट घेत, नाहीतर पडून पडून खराब होत. 'न पटणारी गोष्ट' मात्र अजून वाचता येते.