कळसाच्या खाली

काकांचा कॅमेरा आकाशात उडवावा, ही कल्पना माझी नव्हे. ती माझ्या भाच्याची. काकांनी १९७८ साली नैरोबीहून परतताना आणलेला हा सुपर-८ जातीचा चित्रपट-कॅमेरा गेली तीस वर्षे कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात पडून होता. काकांचे वय आता सत्त्याऐंशी. देवळाच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. जत्रेच्या सकाळची पालखी त्यांना घरच्या सोप्यावरून केवळ ऐकू येते. मोबाइलवरची चित्रे ते पाहत नाहीत. काळोख्या खोलीत भिंतीवर पडतो तोच त्यांचा चित्रपट. "मामा, आजोंच्याच कॅमेऱ्याने त्यांना पालखी दाखवू, पण ड्रोनवरून," असे भाचा म्हणाला.

मी व्यवसायाने वकील, तेव्हा मला आधी नियम आठवले. २०२१ च्या ड्रोन नियमांत यंत्राचा वर्ग ठरतो तो ओझ्यासकट होणाऱ्या त्याच्या कमाल वजनावरून. भाच्याचे यंत्र दीड किलोचे. दोन किलोंपर्यंतचे ड्रोन हौसेखातर उडविण्यास चालकाला प्रमाणपत्र लागत नाही. काकांचा कॅमेरा स्वयंपाकघरातील तराजूवर फिल्मसह सातशे ग्रॅम भरला, आणि बेरीज होताच भाचा कायद्याच्या वेगळ्याच घरात जाऊन पडला. त्याच्या यंत्राला ते ओझे पेलवलेही नसते, हे त्याने मागाहून कबूल केले. अखेर जमिनीची मोजणी करणारा एक प्रमाणपत्रधारक चालक आपले मोठे यंत्र घेऊन यावयास राजी झाला. सरकारी नकाशात आमचा गाव हिरव्या पट्ट्यात निघाला. तेथे १२० मीटर उंचीपर्यंत पूर्वपरवानगीचे कारण नाही.

कॅमेऱ्याच्या वजनाची ही कटकट जुनीच आहे. युलिउस नॉयब्रोनर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने कबुतराच्या छातीवर कॅमेरा बांधण्याच्या युक्तीचे पेटंट मागितले, तेव्हा कबुतराला एवढा भार वाहता येणार नाही म्हणून तेथील कचेरीने ते प्रथम नाकारले. त्याने साक्षांकित छायाचित्रे पुढे ठेवली आणि १९०८ साली पेटंट पदरात पाडून घेतले. त्याच्या या चिकाटीबद्दल मला व्यवसायबंधूसारखा आदर वाटतो!

आमच्यापुढची खरी अडचण निराळी होती. जुन्या कॅमेऱ्यात काय दिसते हे कळण्यासाठी त्याच्या भिंगाला डोळा लावावा लागतो, आणि हा तर डोळा खाली ठेवून एकटाच वर जाणार. म्हणून त्याच्या शेजारी एक चिमुकला डिजिटल कॅमेरा बसविला. त्यातले चित्र चालकाच्या हातातील पडद्यावर दिसे. घोडा दाबावयास बोटाऐवजी लहानशी मोटर लावली. पंख्यांची थरथर चित्रात उतरू नये म्हणून मध्ये रबराच्या गाद्या घातल्या. फिल्मची डबी पंधरा मीटरांची; सेकंदाला चोवीस चित्रे या गतीने ती बरोबर अडीच मिनिटांत संपते. काय पाहावयाचे हे जमिनीवर असतानाच ठरवावे लागते.

महाजनांच्या बैठकीत मी सर्व कागद मांडले. आमच्या देवस्थानांचा कायदा १९३३ चा, पोर्तुगीज अमदानीतला. ड्रोनविषयी तो बिचारा काय बोलणार? बोलले ते भटजी. "वकीलबाब, तुम्ही आकाशाचा कायदा सांगितलात. पण कळसाच्या वर कोणी जाऊन खाली पाहावे, हे मला बरे वाटत नाही."

कावळे-घारी रोज कळसावरून जातात, हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. घार तेथे पाहावयास जात नाही, एवढे मला त्या क्षणी उमगले. शिवाय माणसांच्या डोक्यांवरून यंत्र नेणे मलाही पसंत नव्हते. ठरले ते असे: यंत्र शेताच्या बाजूला राहील आणि दीपस्तंभाच्या मध्याहून वर चढणार नाही.

धुण्यासाठी परगावी पाठविलेली फिल्म दीड महिन्याने परत आली. काकांच्या खोलीची खिडकी झाकली, त्यांचाच जुना प्रक्षेपक लावला. आरंभी भाच्याचा बूट, मग डोलणारे भातशेत. त्यात पाऊण मिनिट वाया गेले. मग दीपस्तंभ हळूच बाजूला सरकला आणि अब्दागिरीसह पालखी आली. रंग इतके ओले, इतके दाट, की मी भाच्याचा खांदा दाबला. पण पालखीपुढील निम्मी माणसे देवाकडे पाठ करून आमच्याकडे पाहत होती! कोणी बोट दाखवीत होते, कोणी मूल उचलून धरीत होते. मान वर केली नव्हती ती पालखी वाहणाऱ्यांनी. त्यांच्या खांद्यांवर भार होता.

मला शरम वाटली. काका भिंतीकडे पाहतच राहिले.

"देवाक कोण पळयता?" ते म्हणाले.

आम्ही दोघे गप्प. प्रक्षेपकात फिल्मचे शेपूट फटफटत होते. भाच्याने दिवा लावला, तशी त्यांनी हातानेच तो घालवावयास सांगितले.

"आनीक एक फावट दाखय."