उगीच फिरण्याचा हक्क

बागेत जाण्याला कारण लागत नाही, हे बागेचे थोरपण. देवळात नवस असतो, बाजारात खरेदी असते, कचेरीत अर्ज असतो. बागेत आलेल्याला ‘काय काम काढलेत?’ असे कोणी विचारीत नाही. माणूस येतो, चार पावले चालतो, एखाद्या बाकावर टेकतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहतो आणि घरी परततो. हे सुख इतके स्वस्त आहे, की ते कोणाला मिळत नसेल अशी शंकाही सहसा मनाला शिवत नाही.

आमच्या घरात ती शंका आत्याने उपस्थित केली. आमची धाकटी आत्या तिसऱ्या वर्षी पोलिओने आजारी पडली आणि तिचे पाय कायमचे दुबळे झाले. पुढे कॅलिपर व कुबडी यांच्या आधारावर तिने तीस वर्षे शाळेत शिकवले. साठी उलटली, खांदे थकले आणि घरात चाकांची खुर्ची आली. आपला देश २०१४ साली पोलिओमुक्त ठरला खरा. पण पोलिओने गाठलेली पिढी अद्याप आपल्यात आहे आणि आता ती म्हातारी होत आहे.

एका दिवाळीत आम्ही सारी भाचरे जमलो असता तिने वर्षभराच्या आपल्या बाहेर पडण्याचा हिशेब मांडला : दवाखाना सहा वेळा, बँक दोन वेळा, पेन्शनसाठी हयातीचा दाखला, दोन लग्ने आणि एक बारसे. हिशेब संपवून ती म्हणाली, “कामासाठी मला सगळे नेतात रे. आता एकदा उगीच कुठेतरी न्या.”

बडोद्यात राहून ‘उगीच’ जायचे म्हटल्यावर कमाटी बागेशिवाय दुसरे नाव कोणते सुचणार? सयाजीराव महाराज गादीवर आल्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली, विश्वामित्रीच्या काठी ही बाग लोकांसाठी आखली गेली. शंभराहून अधिक एकरांचा तिचा विस्तार. पिढ्यान् पिढ्या गुजराथेत रुजलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांतली कितीतरी मुले इथल्याच रस्त्यांवर पहिली पावले टाकायला शिकली. नकाशावर तिचे नाव सयाजीबाग असले, तरी आमच्या तोंडी कमाटी बागच बसलेले आहे.

तेव्हापासून हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी आत्याला घेऊन बागेत जाण्याचा आम्ही परिपाठ ठेवला. चाकांच्या संगतीने फिरू लागलो आणि जमिनीची नव्याने ओळख झाली. पायांना जे जाणवत नाही, ते चाके तत्काळ सांगतात. डांबरी रुंद रस्त्यावर खुर्ची एका हाताने चालते. खडी आली, की पुढची लहान चाके रुततात. मग खुर्ची उलटी करून ओढावी लागते. वडाच्या मुळांनी उचललेली फरशी, गटाराच्या जाळीतली फट, पावसाने धुपलेली कड, यांतले काहीही चालणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. खुर्चीतल्या माणसाच्या मात्र कण्यापर्यंत पोचते. आणखी एक गोष्ट आम्हांला उशिरा कळली. बाहेर जायचे ठरले, की आत्या आदल्या रात्रीपासून पाणी बेताने पिते. हा काही एका बागेचा अनुभव नव्हे. आपल्याला आत जाता येईल असे स्वच्छतागृह वाटेत भेटेलच याची खात्री नाही, हे तिला आयुष्याने शिकवलेले आहे.

एकदा रस्त्याच्या कडेला सावलीत खुर्ची लावून आम्ही शेंगा आणायला गेलो. परत येतो तो आत्याच्या मांडीवर दहा रुपयांची नोट आणि समोर एक प्रौढ, सालस चेहऱ्याच्या बाई. आत्याने नोट उचलून त्यांच्या हातात परत दिली आणि हसून म्हणाली, “बेन, हुं तो फरवा आवी छुं.” मी तर फिरायला आले आहे! त्या बाई ओशाळल्या, क्षमा मागून निघून गेल्या. त्यांच्या मनात दुष्टावा मुळीच नव्हता. परंतु खुर्चीत बसलेली एक वृद्धा बागेत एकटी आहे म्हणजे ती काही मागायलाच आली असणार, मौजेसाठी आली असणे शक्य नाही, एवढी कल्पना त्यांच्या मनात पक्की होती. पुष्कळशा बागांची दारेदेखील याच कल्पनेने बांधलेली असतात.

त्या दारांपैकी एक आम्ही परगावी पाहिले. बागेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तशी दारे गावोगाव आहेत. गुरे आणि मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी फिरते फाटक बसवलेले. त्यातून सडपातळ माणूस जाई, खुर्ची जाणे अशक्य. शेजारी मोठे दार होते, पण त्याला कुलूप. किल्ली मुकादमाकडे आणि मुकादम जेवायला गेलेला. पाऊण तास आम्ही बाहेर उभे राहिलो. तेवढ्यात रोपांचा टेम्पो आला आणि मोठे दार उघडले. टेम्पोमागोमाग आत्या आत गेली. “रोपांच्या पुण्याईने गेले बाई आत,” एवढेच ती म्हणाली. आम्हांला मात्र हसू आले नाही.

वास्तविक यात अवघड असे काय आहे? आपल्याकडच्या मार्गदर्शक मानकांत सारी मापे दिलेली आहेत. वाट निदान ९०० मिलिमीटर मोकळी हवी; खुर्ची वळवायला १५०० मिलिमीटरची जागा हवी; उतार १:१२ पेक्षा चढा नसावा, म्हणजे अर्ध्या फुटाच्या पायरीला सहा फूट लांबीचा उतार. बाकाशेजारी खुर्चीएवढी जागा मोकळी सोडली, तर बरोबरीने बसून गप्पा मारता येतात. नाहीतर खुर्चीतल्या माणसाला नेहमी रस्त्यातच थांबावे लागते. अंधांसाठी वाटेच्या कडेला उंचवटा आणि हाताच्या उंचीवर मोगरा, मरवा, गवती चहा यांचे वाफे असावेत. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या वनस्पती उद्यानात अंध लोकांना डोळ्यांपुढे ठेवून १९५५ साली सुगंधाची बाग उभारली गेली. बकुळीच्या आणि पारिजातकाच्या देशात तशी बाग करायला कितीसे सायास पडतील?

कायद्याचीही वाण नाही. १९९५ साली पहिला कायदा झाला. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास मान्यता दिली. त्यात विरंगुळ्याचा हक्क शब्दशः नमूद आहे. २०१६ च्या नव्या कायद्याचे २९ वे कलम संस्कृती आणि मनोरंजन यांनाच वाहिलेले आहे. या सुविधा निव्वळ शिफारशीवर सोडता येणार नाहीत, सक्तीची किमान मानके ठरवलीच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. दरम्यान अपंगाचा विकलांग झाला, विकलांगाचा दिव्यांग झाला. आत्या म्हणते, “नाव दोनदा बदललं, पायरी तेवढीच उंच आहे.”

उतार कोणासाठी घालायचा, हा खरा प्रश्न आहे. जानेवारी २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीस आले, तेव्हा कुतुबमिनारासारख्या स्मारकांत त्यांच्या खुर्चीसाठी लाकडी उतार लावले गेले. ते होते तात्पुरते, थोर पाहुण्यापुरते. याउलट चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये वाळूतून समुद्राकडे जाणारी लाकडी वाट खुली झाली, ती सर्वांसाठी. दोन आठवड्यांच्या आतच चक्रीवादळाने तिची मोडतोड केली. ती पुन्हा दुरुस्त करण्यात आली. शहरातल्या शहरात राहून ज्यांना लाटेपर्यंत जाता आले नव्हते, त्यांना त्या वाटेने पाण्याजवळ नेले. तिथे कोणी काही काम घेऊन जात नाही. लोक समुद्र पाहायला जातात, उगीच.

आमच्या या पत्रिकेचे पुष्कळसे वाचक साठीच्या पुढचे आहेत. गुडघे कुरकुरू लागले आहेत, कोणाच्या हाती काठी आली आहे. आज जो उतार आत्यासाठी मागायचा, तो उद्या आपल्याला लागणार आहे, आणि नातवंडांच्या बाबागाडीला तर तो आजच हवा आहे. तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी आपल्या गावच्या बागेत जाल, तेव्हा खिशात मोजपट्टी असू द्यावी. फाटकाची मोकळी जागा मोजावी, पायरीची उंची मोजावी, मोठ्या दाराची किल्ली कोणाकडे असते ते विचारावे आणि हे सारे एका साध्या कागदावर लिहून नगरपालिकेकडे द्यावे. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बेळगाव असो, मापे सर्वत्र सारखीच आहेत. अर्जात कारण लिहावे लागले, तर ‘फिरण्यासाठी’ एवढेच लिहावे.