पहिला घोट कोण देतं?

मंठ्याकडची एक वरात. डीजेमागच्या गाडीपाशी दहावीतला वाटावा असा मुलगा पाण्याच्या बाटलीतून मोठ्यांना देशी ओतून देत होता. हात इतका सराईत की थेंब सांडत नव्हता. शेवटचं झाकणभर मामानं त्याच्याच तोंडाला लावलं. कुणी हटकलं नाही.

●

राज्यात देशी-विदेशी दारूला वयाची अट 25, सौम्य बिअरला 21. बाल न्याय कायदा 2015, कलम 77: मुलाला दारू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, 1 लाखापर्यंत दंड. हे कलम लग्नपत्रिकेवर छापावं, असं मला मनापासून वाटतं.

●

शाळेत सांगतात, वाईट संगत धरू नका. म्हणजे वर्गातली पोरं. पण ‘जा रे, चकणा घेऊन ये’ म्हणणारा बाप असतो. पोरगं फरसाण आणतं, ग्लास मांडतं, बैठकीच्या कडेला बसतं. पोळ्याची कर, धुळवड, चुलतभावाचा वाढदिवस करत करत ते कडेचं मधे सरकतं.

●

ग्रामपंचायतीची निवडणूक. झेंडे लावणाऱ्या पोरांना मत नसतं, ढाब्यावरची पार्टी मात्र मिळते.

●

ऊसतोडीला आईबाप गेले की मुलगा आजीपाशी. शाळेला जोडलेलं हंगामी वसतिगृह मिळालं तर जेवण होतं, अभ्यास होतो, आणि दिवेलागणीला पोरगं कुठं आहे हे एका मोठ्या माणसाला ठाऊक असतं. याला व्यसनमुक्तीचं काम कुणी म्हणत नाही. मी म्हणेन.

●

‘आडवी बाटली’: गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर परवान्याचं दुकान बंद. बायकांनी हे लढून करून दाखवलंय. पण मोटारसायकलच्या डिक्कीतून येणाऱ्या चपटीला मतदान लागत नाही. तिथं बैठकीतल्या पुरुषांनीच बोलायला हवं.

●

नाही म्हणणारी पोरं बघा. गळ्यात तुळशीची माळ असेल तर कुणी आग्रह करत नाही. ‘माळकरी आहे, त्याला सोडा.’ पहाटे रस्त्यावर पळणारा म्हणतो, ‘भरतीची तयारी चालू आहे,’ तेही चालतं. नुसतं ‘मला नको’ म्हणणाऱ्यालाच ‘बाई आहेस का?’ ऐकावं लागतं. पंधरा वर्षांच्या पोराला नकारासाठी माळ किंवा भरती लागू नये. शेजारी बसलेल्या काकानं ‘तो नको म्हणतोय ना?’ एवढं म्हटलं तरी पुष्कळ.