विजयदुर्गाची गाळात रुतलेली गोदी

१/ विजयदुर्गास येणारा पाहुणा बहुधा किल्ल्यापाशीच थांबतो. तिहेरी तटबंदी, पाण्यात उतरलेले बुरूज, तिन्ही बाजूंचा समुद्र हे सारे पाहता पाहता दिवस सरतो आणि तो परतीच्या वाटेला लागतो. धक्क्यावर मोजक्या होड्या असतात, जाळी वाळत असतात. एके काळी या गावाच्या नुसत्या नावाने मुंबईकर इंग्रजांची झोप उडत असे, यावर विश्वास बसू नये इतके ते आज शांत आहे.

२/ ज्या बळाची ती दहशत होती, ते मात्र या तटांच्या आत घडत नव्हते. किल्ल्यापासून सुमारे ३ किलोमीटरवर, गिर्ये गावाकडे वाघोटण खाडीच्या काठी, खडक फोडून केलेली एक गोदी आहे. तिची लांबी सुमारे १०९ मीटर, रुंदी सुमारे ७० मीटर आणि तोंड उत्तरेला. मराठा आरमाराची जहाजे येथे बांधली जात व दुरुस्त होत. आज तिचा बराचसा भाग गाळाने भरला आहे.

३/ जागेची निवड पाहण्याजोगी आहे. खाडीच्या मुखाशी किल्ला, आणि त्याच्या आडोशाला आत शिरलेले संथ पाणी. शत्रूला गोदीपर्यंत पोहोचायचे तर आधी किल्ल्याच्या तोफांपुढून जावे लागे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा सुटला की कोकणातील शिडाची वाहतूक थांबे, आणि तेच दिवस जहाजांच्या डागडुजीचे असत. गोदीचे तोंड उत्तरेला असल्याने तो वारा थेट आत येत नसे.

४/ अशा गोदीला यंत्र लागत नाही; तिचे काम चंद्र करतो. उधाणाच्या भरतीला जहाज आत आणायचे, ओहोटीबरोबर पाणी उतरले की ते टेकूंवर उभे करायचे. मग तळाला चिकटलेली शिंपले खरवडणे, किड्यांनी पोखरलेल्या फळ्या बदलणे, फटींत काथ्या ठोसणे, लाकडाला तेल पाजणे. गोड्या पाण्याच्या नदीत जहाज वर्षानुवर्षे टिकेल, खाऱ्या पाण्यात ते सतत जपावे लागते. ज्याच्यापाशी गोदी नाही, त्याचे आरमार काही पावसाळ्यांचेच सोबती असते.

५/ येथील जहाजांचा घाटही खाडीनेच ठरवला. गुराब हे मोठे लढाऊ जहाज, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, पुढे झेपावलेल्या नाळेचे. गलबत त्याहून लहान, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे. दोन्हींना पाणी कमी लागे. वारा पडला की गलबते वल्ह्यांनी गुराबांना ओढून नेत, आणि संकट आले की दोन्ही जहाजे उथळ पाण्यात शिरत. खोल तळाच्या इंग्रजी जहाजांना तेथवर पाठलाग करता येत नसे.

६/ या जहाजांचे लाकूड कोठून यावे, याचाही विचार मराठी राज्याने केला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात त्याविषयी स्पष्ट नियम आहेत. राज्यातील सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत, अधिक लागल्यास ती परमुलुखातून विकत आणावीत. आंबा आणि फणस मात्र आरमाराच्या उपयोगाचे असले तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे.

७/ फेब्रुवारी १७५६ मध्ये या खाडीत आगीचा डोंब उसळला. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. समुद्रातून अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि त्याच्याबरोबर रॉबर्ट क्लाइव्हच्या हाताखालील फौज चालून आली. एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज पूर्वी आंग्र्यांनीच कंपनीकडून जिंकलेले. ते पेटले आणि त्याच्या ज्वाळांनी शेजारची जहाजे एकामागून एक पेटत गेली. आंग्र्यांचे आरमार शत्रूच्या देखत, आपल्याच बंदरात जळून खाक झाले. तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले.

८/ मराठी आरमाराची कथा पुष्कळदा येथेच संपवली जाते. पण त्याच वर्षाच्या अखेरीस तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, पुढे धुळपांचे आरमार येथे उभे राहिले, आणि ८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळपांच्या ताफ्याने कंपनीचे ‘रेंजर’ जहाज तुंबळ लढाईनंतर जिंकून विजयदुर्गास आणले. सालबाईचा तह आदल्या वर्षीच झाला असल्याने या लढाईने राजकीय पेचही निर्माण केला. आग लागली त्याला तेव्हा २७ वर्षे झाली होती.

९/ या २७ वर्षांचा अर्थ सरदारांच्या वंशावळीत सापडत नाही. १७५६ मध्ये जळाली ती जहाजे. जहाज बांधण्याची विद्या जळाली नाही. पठाण म्हणजे जहाजाचा कणा कसा बसवावा, कोणत्या वाकाची फांदी कोणत्या फासळीला लागेल, कोणती फट पुढच्या भरतीत दगा देईल, हे ज्यांच्या हातांना ठाऊक होते ते सुतार कोणत्याही तहात लिहून दिले गेले नव्हते. आंग्रे गेले, धुळप आले. वाकस घेऊन खाडीवर येणारे हात कोकणचेच राहिले.

१०/ त्याच काळातील मुंबईकडे पाहिले की उणीव अधिक जाणवते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तेथील गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्यानंतरच्या महिन्यातच खडकीची लढाई झाली आणि १८१८ मध्ये विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती गेला.

११/ एका गोदीतील जहाज २०० वर्षांनंतरही उभे आहे आणि ते बांधणाऱ्याचे नाव जगाला ठाऊक आहे. दुसऱ्या गोदीतील गुराबे नाहीशी झाली, आणि ती बांधणाऱ्या एकाही सुताराचे नाव शालेय पुस्तकात नाही. कौशल्याचे माप काढून हा फरक समजणार नाही. धनी टिकला तेथे नावे टिकली. जी आग २७ वर्षांत भरून निघाली, तिच्याहून १८१८ ची शांतता या खाडीला महाग पडली; कारण त्यानंतर लढाऊ जहाज मागणाराच कोणी उरला नाही.

१२/ जुलै २०२५ मध्ये विजयदुर्गासह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, ही अभिमानाचीच गोष्ट. तरीही किल्ला पाहून झाल्यावर पाहुण्याने गिर्येची वाट धरावी, आणि ओहोटीची वेळ साधून गोदीच्या काठावर थोडा वेळ उभे राहावे. आणि ज्याला मोडी शिकण्याची चिकाटी आहे, त्याने पेशवे दफ्तरातील आरमाराचे कागद उघडावेत. सरदारांची नावे मागील पिढ्यांनी शोधली; सुतारांची शोधणे या पिढीकडे आहे.